येझदीची चावी

२०२४च्या डिसेंबरातील एका संध्याकाळी मी घरात जाहीर केले की, माझी मोटारसायकल चोरीला गेली. दिवेलागणीची वेळ होती. अंगणात कडुनिंबाखाली ती जिथे नेहमी उभी असते, तिथे तेलाचे दोन जुने डाग तेवढे दिसत होते. मुलगा बॅटरी घेऊन गल्लीत धावला, सूनबाई शेजारी विचारायला गेली, आणि ओसरीवर जमलेल्या चारचौघांसमोर मी एका तेरा वर्षांच्या मुलाचे नाव घेतले. आयुष्यभर शाळेत मुलांना 'पुराव्याशिवाय कोणावर आळ घेऊ नये' असे शिकवलेल्या माणसाने ते घेतले. आज लिहायला बसलो आहे तो त्या संध्याकाळच्या लाजेपोटी, आणि त्यानंतर आमच्या घराने जे शिकून घेतले ते इतरांच्या उपयोगी पडावे म्हणूनही.

माझी गाडी १९८४ची येझदी. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१पासून जावा मोटारसायकली तयार होत; १९७३पासून त्याच कारखान्याच्या गाड्या 'येझदी' या नावाने निघू लागल्या. इराणातील यझ्द या शहरावरून ते नाव आले. १९९६ साली कारखाना बंद पडला. दोन सायलेन्सर, तेल मिसळलेले पेट्रोल, आणि किक व गिअर या दोन्ही कामांना एकच दांडा, ही तिची ओळख. तेव्हा मी बत्तीस वर्षांचा जिल्हा परिषद शिक्षक होतो. आष्टी तालुक्यातील वाड्यावस्त्यांवर दिवसातून एखादी एस.टी. जाई, आणि कित्येक ठिकाणी तीही जात नसे. शाळेत वेळेवर पोचलो तो या गाडीमुळे. १९९१च्या जनगणनेचे तक्ते तिच्याच पिशवीतून वस्तीवस्तीवर हिंडले. कै. सौभाग्यवतींना सावरगावला मच्छिंद्रनाथांच्या दर्शनाला नेले तेही हिच्यावरूनच. २०१० साली मी निवृत्त झालो. गाडी झाली नाही.

चाळीस वर्षांची गाडी कोण चोरणार, असे आम्हाला वाटे. तो गैरसमज होता. कारखाना बंद पडलेल्या गाडीचे सुटे भाग सहज मिळत नाहीत, म्हणून त्यांना किंमत येते. जुन्या गाड्यांची हौस वाढली आहे, त्यामुळे अखंड गाडीलाही गिऱ्हाईक असते. शिवाय नव्या गाडीत चोराला अडवणारी जी यंत्रणा असते, ती जुनीत नसते. माझ्या गाडीचे चावीचे कुलूप तर इतके झिजले होते की कपाटाची बारीक चावी घातली तरी फिरे. आम्ही त्याचे कौतुक करायचो.

त्या संध्याकाळकडे वळतो. मी ज्याचे नाव घेतले तो मुलगा आमच्या गल्लीच्या टोकाला आजीबरोबर राहतो. आई-वडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात ते पट्टा पडला की परततात. आपल्या बीड जिल्ह्यातील हजारो मुलांचे हिवाळे असेच जातात. दर रविवारी तो माझी गाडी पुसायला येई आणि त्यानंतर मी त्याला अपूर्णांक शिकवी. गाडीला हात लावणारा घराबाहेरचा माणूस तो एकटाच, एवढ्याच आधारावर मी त्याचे नाव घेतले.

तासाभराने गाडी सापडली. मुख्य रस्त्यावर औषधांच्या दुकानासमोर ती उभी होती, मी उभी केली होती तशी. दुपारी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला मी तिच्यावरूनच गेलो होतो. तिथे एक जुना विद्यार्थी भेटला, चहा झाला, आणि 'गुरुजी, चला, सोडतो' म्हणून त्याने मला मोटारीतून घरी आणले. गाडी आपण बरोबर नेली होती हेच मनातून पुसले गेले. चावी गाडीलाच होती. शेजारच्या फळवाल्याने ती काढून गल्ल्यात ठेवली होती आणि अंधार पडला तरी तो दुकान न आवरता थांबला होता.

आम्ही परतलो तेव्हा मुलाची आजी दारात उभी होती. आवाज न चढवता ती म्हणाली, "गुर्जी, पोराचे मायबाप हितं नाहीत. त्याला चोर म्हणू नका." दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन मी त्या मुलाची माफी मागितली. तो काही बोलला नाही. त्यानंतरचे तीन रविवार तो आला नाही.

घरातही फार बोलणे झाले नाही. मुलाने चावी स्वतःच्या कपाटात ठेवून दिली. "अण्णा, आता गाडी राहू द्या," एवढेच म्हणाला. त्याची काळजी खरी होती, हे मला तेव्हाही कळत होते. परंतु मला न विचारता माझ्या हातातून काहीतरी काढून घेतले गेले होते, आणि त्याला नाव देता येत नव्हते. मी सकाळचे फिरणे सोडले. वाचनालयात जाणे थांबले. जेवण कमी झाले. सूनबाईच्या लक्षात आले ते त्यावरून.

पुढे जानेवारीच्या अखेरीस, एका थंडीच्या रात्री, गाडी खरोखरच चोरीला गेली. हँडलचे कुलूप हिसका देऊन तोडले होते. चावी कपाटात होती, तरी चोरांना तिची गरज भासली नाही. दोन माणसे न बोलता गाडी ढकलत नेऊ शकतात. पहाटे फिरायला निघालेल्या शेजाऱ्यांना ती दोन गल्ल्यांपलीकडे ओढ्याकाठी आडवी पडलेली दिसली. वायरी ओढलेल्या होत्या. किक कुठे आहे तेच बहुधा त्यांना उमगले नसावे. गिअरचा दांडा आत दाबून वर वळवल्यावर त्याची किक होते, हे येझदी चालवलेल्यालाच ठाऊक. पेट्रोलचा कॉकही बंद होता. मुलगा ओढ्यावरून गाडी ढकलत आणताना म्हणाला, "अण्णा, चावी लपवून उपयोग झाला नाही." मी म्हणालो, "दोघांचीही सवय चुकली." त्या दिवशी आम्ही प्रथमच या विषयावर नीट बोललो.

आरंभ आम्ही डॉक्टरांपासून केला, आणि माझ्या मते तेच योग्य झाले. २३ सप्टेंबर २०२२पासून न्यू आष्टी ते नगर रेल्वे सुरू झाली आहे. तिने नगरला गेलो. डॉक्टरांनी बराच वेळ प्रश्न विचारले, रक्ताच्या तपासण्या सांगितल्या. ब-१२ जीवनसत्त्व बरेच कमी निघाले, आणि उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. त्यांनी समजावले ते इथे नोंदवतो. उतारवयातील प्रत्येक विसर म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. ब-१२ची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य, अपुरी झोप, काही औषधांचा परिणाम, कमी ऐकू येणे यांमुळेही विसरायला होते, आणि यांतल्या बहुतेकांवर उपाय आहेत. चावी कुठे ठेवली ते न आठवणे एक वेळ चालेल. चावी कशासाठी असते तेच न उमगणे, ओळखीचा रस्ता चुकणे, तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणे असे होऊ लागले तर थांबू नये. आणखी एक गोष्ट ते सूनबाईंना म्हणाले: वस्तू न सापडली की 'ती कोणीतरी चोरली' असे वाटणे हे स्मृती ढासळू लागल्याचे नेहमी दिसणारे लक्षण आहे. अशा वेळी वाद घालू नये, दोषही देऊ नये. 'चला, आपण मिळून शोधू' म्हणावे. ते वाक्य ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे तो मुलगा आला.

माझे विस्मरण आज तरी स्मृतिभ्रंश म्हणण्याजोगे नाही, असे त्यांनी सांगितले. दर सहा महिन्यांनी तपासणी ठरली आहे. ब-१२ची इंजेक्शने झाली, मोतीबिंदू काढला. गाडीबद्दल त्यांनी घातलेल्या अटी मी मान्य केल्या: गावातच, दिवसाउजेडी, हेल्मेट घालून, आणि पाठीमागे कोणालाही न बसवता.

आता गाडीच्या बंदोबस्ताविषयी. हे सर्व मुलगा, आमचे मिस्त्री आणि मी असे तिघांनी मिळून ठरवले. पहिला नियम असा की, जो बंदोबस्त म्हाताऱ्या शरीराला रोज करता येत नाही, तो बंदोबस्तच नव्हे.

गाडी अंगणातून आत, वाड्याच्या ढाळजेत आणली. दाराला आतून अडसर असतो. मात्र रात्री लघवीला उठताना वाटेत येणार नाही अशा बाजूला ती उभी केली, आणि तिथे मंद दिवा लावला. पेट्रोलची वाफ पेट घेते, म्हणून निजण्याच्या खोलीत, देवघराजवळ किंवा शेगडीजवळ गाडी ठेवू नये.

लोहाराकडून जाड कडी करून घेतली आणि गवंड्याने ती सिमेंटात बसवली. ती जमिनीत बसवतात, असे मिस्त्री म्हणाले. माझे गुडघे नको म्हणाले. म्हणून ती भिंतीत, गुडघ्याच्या वर बसवली, वाकावे लागत नाही. साखळी कठीण पोलादाची, जाड. ती केवळ पुढच्या चाकातून ओवली तर चोर चाक सोडून बाकीची गाडी नेतो. म्हणून ती सांगाड्यातून आणि मागच्या चाकातून काढून कडीत अडकवतो. ती जमिनीवर लोळू देत नाही, ताणून ठेवतो. जमिनीवर टेकलेले कुलूप घणाने फोडता येते. शिवाय लोळती साखळी ही पाय अडकून पडण्याची हमखास जागा. आपल्या वयात मांडीचे हाड मोडणे गाडी जाण्यापेक्षा महाग पडते. आकड्यांचे कुलूप घेतले नाही, कारण अंधूक प्रकाशात आकडे दिसत नाहीत आणि जुळणीही विसरते. मोठ्या डोक्याच्या चावीचे साधे मजबूत कुलूप घेतले.

मिस्त्रींनी चावीचे झिजलेले कुलूप बदलले आणि प्रज्वलनाच्या वायरीत एक छोटा गुप्त स्विच बसवला. तो कुठे आहे हे आम्हा तिघांनाच ठाऊक आहे. तो बंद असला की चावी फिरवून कितीही किका मारा, गाडी सुरू होत नाही. पेट्रोलचा कॉक प्रत्येक वेळी बंद करतो. कोणी गाडी सुरू केलीच, तरी कार्बोरेटरमधील पेट्रोल संपले की थोड्या अंतरावर ती थांबते. चार दिवस गावाला जायचे असेल तर प्लगची टोपी काढून घरात ठेवतो. गाडीवर चकाकते आवरण न घालता जुनी ताडपत्री टाकतो. आत काय आहे ते वाटसरूला कळू नये. नातवाने ठिकाण दाखवणारे एक लहान यंत्र आत कुठेतरी दडवले आहे. त्याच्या बॅटरीची तारीख दिनदर्शिकेवर लिहिलेली असते.

कागदपत्रांकडेही तेवढेच लक्ष दिले. सांगाड्यावरील क्रमांक व इंजिनचा क्रमांक यांची स्वच्छ छायाचित्रे काढून ती नोंदणी प्रमाणपत्राच्या प्रतीसह मुलाच्या मोबाइलात आणि माझ्या वहीत ठेवली. गाडीवर दोन ठिकाणी फक्त आम्हाला ओळखता येतील अशा खुणा केल्या. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, ते तपासले. १ एप्रिल २०१९पूर्वी नोंदलेल्या गाड्यांनाही आता उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी आवश्यक आहे, ती बसवली. विमा पाहिला तर तो केवळ तृतीय पक्षाचा निघाला. त्यात गाडी चोरीला गेल्यास काहीही मिळत नाही. चोरीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते, आणि जुन्या गाडीची किंमत विमा कंपनीशी बोलून आधी लेखी ठरवून घ्यावी लागते.

बाहेर जाताना नियम थोडे, पण पक्के. गाडी थांबली की पाय जमिनीला लागण्यापूर्वी चावी हातात. 'एका मिनिटात येतो' म्हणून चावी ठेवायची नाही; माझे एक मिनिट पाच तासांचे झाले होते. बाजारात गाडी नेहमी एकाच जागी, त्या फळवाल्यासमोर. रोजची जागा असली की ती मलाही आठवते आणि पाहणाऱ्यालाही खटकते. पुढचे चाक भिंतीकडे, हँडल कुलूपबंद, साखळी खांबाला. दिवसभराचे काम असेल, नगरला जायचे असेल, तर गाडी घरी ठेवतो आणि स्टेशनवर मुलगा सोडतो. कोणी अनोळखी माणूस गाडीचे कौतुक करून 'राहता कुठे, विकणार का' विचारू लागला, तर कौतुकाचे आभार मानतो आणि पत्ता सांगत नाही. 'एक चक्कर मारून बघतो' म्हणणाऱ्याच्या हाती चावी देत नाही. अशी चक्कर मारायला गेलेली गाडी परत येईलच याचा भरवसा नसतो.

आणि गाडी गेलीच, तर आधी आठवावे, मग घरच्यांना विचारावे, आणि तरीही सापडली नाही तर वेळ न दवडता ११२ या क्रमांकावर कळवावे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिली, तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. सोबत क्रमांकांची छायाचित्रे असावीत. संशयित म्हणून कोणाचे नाव घेण्यापूर्वी मात्र रात्रभर थांबावे.

या सर्वांत मला सर्वाधिक उपयोगी पडली ती सर्वांत स्वस्त वस्तू. दाराजवळच्या कोनाड्याशेजारी मुलाने एक लाकडी पाटी लावली आहे. तिच्यावर दोन खिळे: एकाखाली 'घरी', दुसऱ्याखाली 'बाहेर'. पितळेचा एक बिल्ला 'घरी'च्या खिळ्याला असतो, कोनाड्यात चावी असते. गाडी काढताना बिल्ला 'बाहेर'वर लावायचा, परतल्यावर चावी कोनाड्यात आणि बिल्ला 'घरी'वर. शाळेच्या हजेरीसारखेच. कोणाच्या मोटारीतून आलो, चहाच्या गप्पांत गुंगलो, तरी दारात शिरताच बिल्ला विचारतो की गाडी कुठे आहे. आतापर्यंत दोनदा त्याने मला परत बाजारात पाठवले आहे. घरच्यांनाही विचारावे लागत नाही, आणि मला उत्तर द्यावे लागत नाही. वृद्धांची काळजी घेणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच की, चावी लपवण्यापूर्वी एकदा अशी पाटी लावून पाहा.

तरीही चावी कायमची नसते, हे मी जाणतो. पंचावन्न वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण पाच वर्षांपुरतेच होते. त्यात एक सूचना आहेच. म्हणून मी माझ्या हस्ताक्षरात तीन ओळी लिहून मुलाकडे दिल्या आहेत. गाडी स्टँडवर घेताना दुसऱ्याचा हात लागू लागला, डॉक्टरांनी नको म्हटले, किंवा एका महिन्यात बिल्ला दोनदा विसरला, यांपैकी एक जरी घडले तरी चावी मी स्वतः त्याच्या हाती देईन. त्याने मागायची नाही. त्याने ते मान्य केले. त्या दिवसानंतर माझ्या जेवणाबद्दल कोणाला तक्रार राहिली नाही.

तो मुलगा चौथ्या रविवारी आला होता. गाडी पुसली, अपूर्णांकांची वही काढली, आणि झाले त्याविषयी आम्ही दोघेही बोललो नाही. यंदाही दसऱ्यानंतर त्याचे आई-वडील उसाला गेले आहेत. गेल्या रविवारी बाजारातून परतलो तेव्हा तो ओसरीवर बसला होता. मी चावी काढून त्याच्या हाती दिली आणि म्हटले, "कोनाड्यात ठेव." त्याने ती ठेवली, पाटीकडे पाहिले आणि म्हणाला, "गुरुजी, बिल्ला राहिला." मग त्यानेच तो 'घरी'च्या खिळ्याला लावला.